खुराडे जुन्याचे, कडी मात्र नवी

जबलपूरच्या सदर भागातल्या कितीतरी जुन्या घरांनी मागचे अंगण अजून राखले आहे. पुढे बाजार, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आणि पेंटीनाक्याची रहदारी. छावणीच्या बाजूला वळले की झाडांच्या सावलीतले बैठे बंगले. अशा घरांच्या परसात एक कोपरा ठरलेला असतो. गंजलेल्या कूलरचा सांगाडा, उतरवलेले कवेलू, जाळी फाटलेले दार, पाय मोडलेला पलंग, पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या. 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून ठेवलेले हे सामान दर दिवाळीला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते, घराबाहेर मात्र जात नाही.

या सामानाचा एक चांगला उपयोग होऊ शकतो. त्यातून चार-पाच कोंबड्यांचे खुराडे आणि त्यांना फिरायला जाळीचे आवार उभे राहते. रोज सकाळी घरची ताजी अंडी, भाजीच्या देठा-सालांची विल्हेवाट, बागेला खत आणि मुलांना सुटीतला उद्योग, असे चार फायदे एकदम पदरात पडतात.

जबलपूरच्या मराठी घरांना कोंबड्या काही नव्या नाहीत. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. नोकरी, वकिली, रेल्वे आणि संरक्षण सामग्रीचे कारखाने यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. गावाकडे आजीच्या अंगणात संध्याकाळी डालग्याखाली झाकून ठेवलेल्या कोंबड्या अनेकांच्या आठवणीत असतील. पण गावात कोंबडी दिवसभर उकिरडा उकरत हिंडते. शहरात तिला तसे सोडता येत नाही. इथे तिच्या जिवाची जबाबदारी पूर्णपणे घरच्यांवर येते. म्हणूनच खुराडे बांधताना कुठे काटकसर करायची आणि कुठे मुळीच करायची नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

आधी चौकशी, मग हातोडा

सदरचा मोठा भाग छावणीच्या हद्दीत येतो. तिथे बांधकाम आणि जनावरे पाळणे या दोन्ही गोष्टींना नियम आहेत. तेव्हा पहिली फेरी छावणी परिषदेच्या कार्यालयात मारावी. शहराच्या इतर भागांत राहणाऱ्यांनी महानगरपालिकेत विचारावे. घर भाड्याचे असेल तर घरमालकाची संमती घ्यावी. पाया खणून विटांचे काम करण्यापेक्षा उचलून हलवता येईल असे खुराडे केलेले बरे. बदली झाली, घर सोडावे लागले, तर तेही सोबत नेता येते.

दुसरी फेरी शेजाऱ्यांकडे. कोंबडी अंडी देण्यासाठी कोंबडा लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. कोंबड्याशिवायही ती अंडी देते. फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. तेव्हा पहाटे चार वाजता बांग देणारा कोंबडा शहरात टाळावा. शेजारधर्मही टिकतो आणि सगळी अंडी निर्धास्तपणे स्वयंपाकघरात जातात.

जागा किती लागते?

पाच कोंबड्यांचा हिशेब धरू. रात्री झोपायच्या जागेत प्रत्येकीला निदान दोन चौरस फूट जागा हवी. म्हणजे चार फूट लांब आणि तीन फूट रुंद खुराडे पुरते. दिवसा फिरण्यासाठी प्रत्येकीला दहा चौरस फूट धरले तर दहा फूट बाय पाच फूट आवार लागेल. आवाराची उंची सहा फूट ठेवावी. आत वाकून झाडावे लागले की आठवड्याभरातच झाडणे टळू लागते.

खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे. खाली हवा खेळते, पावसाचे पाणी शिरत नाही आणि उंदीर-घुशींना बिळे करायला आडोसा मिळत नाही. आत बसण्यासाठी दोन इंच रुंदीची लाकडी दांडी लावावी. तिच्या कडा घासून गोल कराव्यात आणि प्रत्येक कोंबडीला आठ-दहा इंच जागा मिळेल एवढी तिची लांबी ठेवावी. अंडी घालण्यासाठी फूटभर लांब, रुंद आणि उंच असे दोन खोके पुरेत. चार-पाच कोंबड्या एक खोकाही वाटून घेतात. हे खोके दांडीपेक्षा खाली हवेत. नाहीतर कोंबड्या रात्री त्यातच झोपतात आणि सकाळी अंडी घाणीत माखलेली मिळतात.

भंगारातले काय घ्यावे?

मध्य भारतातल्या घरोघरी मिळणारी उत्तम वस्तू म्हणजे पत्र्याचा जुना कूलर. पंखा, मोटर आणि तारा काढून टाकल्या की उरतो तो चौकोनी सांगाडा. तीन बाजूंना झडपांच्या खिडक्या आणि चौथ्या बाजूला पंख्याचे गोल भोक. दोन कोंबड्यांना रात्रीपुरता आसरा म्हणून तो पुरतो. पाच कोंबड्या असतील तर त्याची अंडी घालण्याची खोली करावी. कूलरच्या टाकीला गंजून भोके पडलेली असतात. त्यावर फळी टाकून जमीन करून घ्यावी. कूलरचा लोखंडी स्टँड तर खुराड्याच्या पायांसाठीच केल्यासारखा असतो.

जुने लाकडी कपाट आडवे टाकले की निम्मे काम होते. त्याचे दार वर येते, तेच झाकण. साफसफाईला ते उघडता येते. दाराच्या आणि खिडक्यांच्या जुन्या चौकटी आवाराच्या भिंतींना उपयोगी पडतात. सागवानी चौकट असेल तर बाहेरच्या उन्हापावसात ती नव्या हलक्या लाकडापेक्षा जास्त टिकते. छपरासाठी कवेलू सर्वांत चांगले. मातीचे असल्याने ते पत्र्यासारखे तापत नाहीत आणि त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे झडपांना बिजागरी म्हणून चालतात. तेलाचा रिकामा डबा आडवा कापला की दाण्याचे भांडे होते. मात्र कापलेली धार ठोकून आत दुमडून घ्यावी.

घरात नसेल ते जबलपुरात जुन्या सामानाच्या गुरंदी बाजारात शोधावे. जाण्यापूर्वी मापे कागदावर लिहून न्यावीत. 'स्वस्त आहे' म्हणून आणलेली वस्तू परसातल्या त्याच कोपऱ्यात जाऊन पडली, तर सगळा खटाटोप फुकट!

आणि काय घेऊ नये?

जुने ते सारे सोने नसते. कोंबडी दिसेल त्यावर चोच मारून पाहते, म्हणून काही वस्तू कितीही फुकट मिळाल्या तरी नको म्हणायला हव्यात.

रंगाचे पोपडे निघालेले जुने दार ही त्यातली पहिली वस्तू. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे बरेच असे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचे पोपडे कोंबड्यांच्या पोटात गेले तर शिसे अंड्यांत उतरते आणि ती अंडी आपली मुले खातात. असा रंग खरवडत बसू नये, कारण त्याची धूळही तेवढीच वाईट. असे दार घेऊच नये.

दुसरी वस्तू म्हणजे ॲस्बेस्टॉस असलेले जुने सिमेंटचे पत्रे. ते कापताना किंवा फुटताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते. तिसरी, औषधे किंवा रसायने भरलेले पिंप. ते कितीही धुतले तरी दाण्या-पाण्यासाठी वापरू नये.

चौथी गोष्ट पॅकिंगच्या लाकडाची. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या फळ्यांवर शिक्का असतो. त्यात इंग्रजीत 'एचटी' ही अक्षरे असतील तर लाकडावर फक्त उष्णतेची प्रक्रिया झालेली असते. ते चालते. 'एमबी' असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते सोडून द्यावे. शिक्का नसलेल्या फळीला औषधाचा उग्र वास येत असेल किंवा तिच्यावर हिरवट छटा असेल, तर तीही नको. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला जुने इंजिन ऑइल फासायची पद्धत आहे. कोंबड्यांच्या घराला ते लावू नये. बाहेरून चुन्याचा हात द्यावा.

जाळी, कडी आणि तिन्हीसांज

आता ज्या गोष्टींत काटकसर करायची नाही, त्या तीन गोष्टी.

पहिली जाळी. बाजारात कोंबड्यांची म्हणून षट्‌कोनी भोकांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती ओढून फाडतो आणि लहानसे मुंगूस भोकातून आत शिरते. सदरसारख्या झाडांच्या भागात मुंगूस, ऊदमांजर, भटकी कुत्री, बोके, घुशी आणि साप या सगळ्यांचा विचार करावा लागतो. म्हणून निदान रात्रीच्या खुराड्याला आणि आवाराच्या खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची, सांधे वेल्डिंग केलेली जाळी नवीच घ्यावी. दारा-खिडक्यांची डासांची जाळी या कामाची नव्हे. लोखंडी गज असलेली खिडकी वापरली तर गजांवरही जाळी ठोकावी.

खणून आत येणारे प्राणी भिंतीला लागूनच खणतात. त्यासाठी जाळी जमिनीत फूटभर गाडावी. जमीन खडकाळ असेल तर जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर फरशीचे तुकडे दाबून ठेवावेत. आवाराचे छतही बंद हवे, कारण वरून शिकरा आणि कावळे येतात. आवारावर क्रिकेटचे जुने नेट चालते. खुराड्यावर मात्र चालत नाही.

दुसरी गोष्ट कडी. नुसती अडकवायची हुकाची कडी मांजर पंजाने ढकलून उघडू शकते. कडी-कोयंडा पक्का घ्यावा आणि त्यात खुंटी किंवा छोटे कुलूप घालावे. जुनी, ढिली, गंजलेली कडी इथे नको. सारे खुराडे फुकटात झाले असले तरी हा खर्च करावाच. मुंगूस एकदा आत शिरले की एका कोंबडीवर थांबत नाही. सकाळी मुले अंडी घ्यायला जातात तेव्हा दाराशी नुसती पिसे दिसतात.

तिसरी गोष्ट बाजारात मिळत नाही. ती म्हणजे घरच्यांची संध्याकाळची पाच मिनिटे. दिवे लागण्याच्या सुमारास कोंबड्या आपणहून खुराड्यात जाऊन दांडीवर बसतात. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, म्हणून कोणी आले तरी त्या पळू शकत नाहीत. तेव्हा तिन्हीसांजेला त्या मोजून दार लावणे हे रोजचे काम आहे. लग्नकार्य असो, सिनेमा असो, की मुलांची परीक्षा असो. नव्या कोंबड्या आणल्यावर पहिले तीन-चार दिवस त्यांना खुराड्यातच ठेवावे, म्हणजे हेच आपले घर हे त्यांच्या मनात बसते. पण कडी कोण लावणार हे मात्र कोंबड्या आणण्यापूर्वीच घरात ठरवावे. ज्या घरात याचे उत्तर मिळत नसेल, त्यांनी कोंबड्या आणू नयेत.

मे महिन्यातली दुपार

रात्रीइतकीच धोक्याची वेळ म्हणजे उन्हाळ्यातली दुपार. जबलपुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. कोंबडीच्या अंगाचे तापमानच मुळात ४१ अंशांच्या आसपास असते आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे एवढाच तिचा उपाय. पत्र्याच्या बंद डब्यात ठेवलेल्या कोंबड्या अशा एका दुपारीत दगावू शकतात. म्हणूनच लोखंडी कपाटाचे खुराडे कधी करू नये. ती भट्टी होते.

खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब भिंतींवर पडत नाही. जागा झाडाखालची असेल तर उत्तम. छत पत्र्याचेच असेल तर त्यावर गवताचे पेंढे किंवा कूलरच्या जुन्या खसच्या ताट्या टाकाव्यात. आवाराच्या एका बाजूला गोणपाट टांगून दुपारी भिजवावे. वारा त्यातून गार होऊन येतो. कूलरचेच हे तत्त्व. आणि कूलरसारखेच ते कोरड्या मे महिन्यात चालते, दमट जुलैत नाही. पावसाळ्यात गोणपाट काढून टाकावे.

एरवी एका कोंबडीला दिवसाला पाव लिटर पाणी पुरते. उन्हाळ्यात ते दुप्पट लागते. मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दिवसातून दोनदा बदललेले पाणी ठेवावे.

थंडीची काळजी त्या मानाने कमी. रात्री गारठा वाढला तरी पिसे फुगवून कोंबड्या तो सोसतात. वाऱ्याच्या बाजूला पोते लावावे, पण वरची हवेची फट बंद करू नये. बंद खुराड्यात विष्ठेचा झोंबणारा वायू साचतो आणि कोंबड्या आजारी पडतात.

भाताच्या तुसाची गादी

खुराड्याच्या जमिनीवर भाताच्या तुसाचा किंवा सुताराकडच्या लाकडाच्या भुशाचा तीन-चार इंच थर घालावा. याला गादी पद्धत म्हणतात. विष्ठा त्यात मिसळून वाळते आणि वास मरतो. आठवड्यातून एकदा ही गादी खालीवर करावी. ओलसर झाली तर थोडा चुना भुरभुरावा. वास येऊ लागला तर समजावे की पाणी सांडते आहे किंवा कोंबड्या जागेच्या मानाने जास्त झाल्या आहेत.

जुनी गादी काढल्यावर थेट झाडांना घालू नये, मुळे जळतात. पालापाचोळ्याबरोबर दोन-तीन महिने कुजवली की मोगऱ्यापासून वांग्यापर्यंत सगळ्यांना मानवणारे खत तयार होते.

कोंबडी कोणती आणावी?

या बाबतीत जबलपूरकर भाग्यवान आहेत. इथले पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालचे. पुढे ते १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात आले आणि २००९ पासून ते नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विश्वविद्यालयाचा भाग आहे. इथल्या शास्त्रज्ञांनी परसात पाळण्यासाठी 'नर्मदानिधी' नावाची कोंबडी तयार केली. तिच्यात चौथा हिस्सा कडकनाथचा आणि बाकीचा 'जबलपूर कलर' या इथेच वाढवलेल्या जातीचा आहे. कडकनाथ ही झाबुआची काळ्या मांसाची कोंबडी. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा काटकपणा आणि दुसऱ्या जातीची अंडी देण्याची क्षमता यांचा मेळ या पक्ष्यात घातला आहे. साध्या गावठी कोंबडीपेक्षा तो कितीतरी जास्त अंडी देतो. महाराष्ट्रातल्या वाचकांना वनराजा, ग्रामप्रिया ही नावे परिचयाची असतील. त्याही याच कामासाठी हैदराबादेत तयार झालेल्या जाती.

घरी प्रथमच कोंबड्या आणणाऱ्यांनी एक दिवसाची पिल्ले घेऊ नयेत. त्यांना ऊब द्यावी लागते आणि त्यांत मरही जास्त असते. चार-पाच महिन्यांच्या तलंगा घ्याव्यात. घेताना मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस दिली आहे का, हे जरूर विचारावे. पुढची लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावी. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांपुरती लस असते आणि ती एकदा कालवली की टिकत नाही. आसपासच्या चार घरांनी एकाच दिवशी लस द्यायचे ठरवले तर खर्च वाटला जातो.

बर्ड फ्लूचा विसरही पडू देऊ नये. देशातली पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली. त्या वेळी लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये मध्य प्रदेशातही कावळे मरून पडू लागल्यावर सावधगिरीचा इशारा दिला गेला. हा रोग रानपक्ष्यांमार्फत पसरतो. साथीच्या दिवसांत आवाराच्या वरच्या नेटवर ताडपत्री टाकावी, दाणा-पाणी छताखालीच ठेवावे आणि अचानक पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय विभागाला कळवावे.

हिशेब आणि त्यापुढचा प्रश्न

अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला शंभर-एकशे दहा ग्रॅम खाद्य खाते. पाच कोंबड्यांना महिन्याला साधारण सोळा किलो लागते. त्यातला काही भाग पालेभाजीची देठे, शिळी पोळी, निवडलेल्या तांदळाचा कणा यांवर भागतो. खारट, बुरशी आलेले आणि हिरवे पडलेले बटाटे मात्र देऊ नयेत. वाळवून कुटलेली अंड्यांची टरफले दिली की नव्या अंड्यांची कवचे भक्कम होतात. एका कोंबडीने वर्षाला दीडशे अंडी दिली तर पाचजणींची मिळून साडेसातशे, म्हणजे महिन्याला साठच्या वर. चौकोनी कुटुंबाला ती पुरतात. बाजारापेक्षा ती फार स्वस्त पडतील अशा आशेने मात्र हा उद्योग करू नये. खुराडे भंगारातून केले तरच हिशेब जमतो. सुतार लावून, नवे लाकूड आणून केले तर पहिल्या वर्षाची अंडी त्यातच जातात.

एक प्रश्न मात्र पहिल्या दिवशीच सोडवलेला बरा. कोंबडी पहिली दोन वर्षे भरपूर अंडी देते, मग कमी होत जातात. ती जगते मात्र त्याहून पुष्कळ जास्त. अंडी खाणारी पण मांसाहार न करणारी अनेक घरे आहेत. आणि मांसाहारी घरातही, जिला मुलांनी नाव दिले आणि हातातून दाणे भरवले, तिला कापायचे म्हटले की जेवण कोणाच्या घशाखाली उतरत नाही. मग तिला शेवटपर्यंत सांभाळायचे, की गावाकडे कोणाला द्यायचे, की आणखी काही, हे थोरांनी आधी बोलून ठेवावे आणि मुलांनाही खरे काय ते सांगावे. सांभाळायचे ठरले तर आवार थोडे मोठे बांधावे, म्हणजे नव्या तलंगांना जागा उरते. म्हातारी कोंबडी अंडी देत नसली तरी बागेतले किडे-अळ्या वेचते आणि खत तर देतेच.

येत्या सुटीच्या दिवशी परसातला तो कोपरा उघडून सगळे सामान अंगणात मांडून पाहा. चालेल ते एका बाजूला, नको ते दुसऱ्या बाजूला. मग कागद-पेन्सिल घेऊन मापे काढा. यादीत विकत आणायच्या वस्तू अगदी थोड्या राहतील. अर्ध्या इंचाची जाळी, खिळे-बिजागऱ्या आणि एक भक्कम कडी. तिच्यापुढेच रोज संध्याकाळी ती लावणाऱ्याचे नावही लिहून टाका.